बाजारच्या दिवशी सभा

एरंडोलच्या स्टँडवर सुंदरबाई गाडीची वाट बघत बसली होती. शेजारी दोघी बहिणी बोलत होत्या.

"कमल, पोरींच्या शाळेसाठी एस.टी. मागायची होती, त्या सभेचं काय झालं गं?"

"झाली ना अक्का. रविवारी, देवळात."

"रविवारी तर बाजार शे ना!"

"एस.टी.च्या साहेबांना तोच दिवस मोकळा."

"मग आलं कोण?"

"सरपंच, गुरुजी अन् चहावाला."

"बठ्ठा गाव बाजारात, अन् हे देवळात!"

"साहेब म्हणे, एकही आई आली नाही. गावाला गाडीची गरज दिसत नाही."

"मग तुझी इंदू आठवीला जाईल कशी?"

"नाला ओलांडून, एकटी? तिचा बाप नाहीच म्हणतो."

"पोरगी रडली असंल."

"नाही गं. काल दप्तरात खुरपं घातलं, अन् आली माझ्यासंगे निंदायला."