आईच्या नावाची गाडी

सिन्नर रस्त्यावरच्या चार्जिंग स्टेशनवर माझ्या पुढच्या नव्या कोऱ्या गाडीला टेकून बहीणभाऊ उभे होते.

"दादा, जुनी एसयूव्ही वृद्धाश्रमाला दिलीस, फार बरं वाटलं बघ. मागच्या काचेवर 'कै. अंबूबाई यांच्या स्मरणार्थ' किती छान दिसत होतं!"

"हं."

"नारळ फोडला तेव्हा तिथल्या आज्या रडत होत्या. चालते ना नीट?"

"बॅटरी पार गेलीय तिची. फुल चार्ज केली तरी सिन्नरहून नाशिकला पोचेल याचा भरवसा नाही."

"तुला माहीत होतं?"

"शोरूमवाले एक्स्चेंजमध्येसुद्धा घेईनात, दिशा."

"म्हणून आईचं नाव टाकून त्यांच्या गळ्यात मारलीस?"

"तसं नाही गं."

"मग कसं? आश्रमातून फोन आला का?"

"नाही. ते कशाला फोन करतात. काल द्वारका सर्कलला दिसली, बंद पडलेली. आत दोन म्हातारे बसलेले, आणि आश्रमातल्या दोघी मावश्या ढकलत होत्या. बाजूच्या दारांना धरून."

"मागून का नाही?"

"ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून ओरडत होता, 'मावशी, काचेला हात नको, माउलीचं नाव आहे.'"

"तू कुठे होतास?"

"मागेच. ह्याच गाडीत."

"मग उतरलास ना?"

"सिग्नल सुटला होता."

"दादा, उतरलास ना?"

"सगळेच हॉर्न वाजवत होते, दिशा. मीपण वाजवला."