चाळणीपासून मोटरसायकलपर्यंत

...अन् वरून कंपनीवाली म्याडम मलेच विचारते, "पण खेळणाऱ्याला मजा कुठे येते?" आता तुमाले सांगतो, मजा मी कुठून आणू? पुण्याची नोकरी गेली, बोरिया-बिस्तर घेऊन गावी लोहाऱ्याले वापस आलो, टिनाखाली उकडत बसून गेम बनवून राह्यलो... माह्या घरात मजा नाही, तं गेममंधी कुठून येईन?

अन् गेम साधा होता हो, लय साधा! मोबाइलवर बाजार दिसते. तुमच्या हाती चाळणी. चाळणी द्या, कोंबडी घ्या, कोंबडी द्या, बकरी घ्या... असं बदलत बदलत मोटरसायकलवर जाऊन बसा. जिंकले! पुण्यातल्या एका कंपनीच्या प्रेरणा म्याडमले कल्पना आवडली. माहं नाव संघर्ष, तं म्हणे, "छान आहे, संघर्ष! जमलं तर तुम्हाला इथे घेऊच. आधी घरच्यांना खेळायला द्या, खेळतानाचा व्हिडिओ पाठवा." नोकरीचा प्रश्न! मी म्हटलं, घरच्यायची काय कमी हाय?

पहिले बसवलं पंचफुला आत्याले. बाजारातला माणूस चाळणी मागून राह्यला, अन् आत्या फोन नाकाले लावून नुसती पाहून राह्यली... पाहूनच राह्यली...

"आत्या, दाब नं!"

"हा कोण्या गावचा होय?"

"अवं, गेममधला होय थो!"

"मंग अनोळखी माणसाले चाळणी कायले देऊ? अन् कोंबडी ठेवू कुठं, तुह्या डोक्यावर? चाळणी बरी हाय माही."

फोन वापस! आता काय व्हिडिओ पाठवू, आत्याच्या नाकाचा?

गेम साधा होता हो! पण म्हटलं, लोकायले पाझर फुटला पाहिजे. मंग बाजारातल्या माणसायले चेहरे काढले. रडवेले, हात जोडलेले... "लय गरज हाय जी!" अन् कोणी अडकलंच तं एक बटन ठेवलं, 'असंच देऊन टाका'. असं फुकट देणारं कोण दाबते थे?

बाबायनं दाबलं!

देवराव, आमचे बाबा. कापसाच्या जिनिंगमधून रिटायर. आई गेल्यापासून दिवसभर मुके. जेवता काय, तं मान हलवते. चहा पाहिजे काय, तं मान हलवते. त्यायच्या हाती फोन देल्ला. बकरीपर्यंत बरोबर गेले बरं! मी मनात म्हटलं, जमलं! तितक्यात पडद्यावर एक बाई हात जोडून उभी.

"बाबा, बकरी द्या अन् तिची खाट घ्या!"

"अन् थे कायच्यावर निजीन?"

बाबा बोलले! किती दिवसांनी बोलले, अन् बोलले तं माह्या गेमच्या विरोधात! "घे माय, घे," म्हणत बकरी देऊन टाकली. हात रिकामे, गेम खतम.

व्हिडिओ पाठवला. तवाच म्याडमनं थे मजेचं विचारलं. म्हणे, "हे दुःखी चेहरे काढा, लोकांना अपराधी वाटतं." काढले! नोकरीसाठी माणूस काय नाही काढत? राह्यले नुसते वस्तूंचे फोटो अन् बटनं. बाबायनं फोन उघडला, इकडं सरकवला, तिकडं सरकवला...

"माणसं कुठं गेले?"

"काढले, बाबा."

फोन खाली ठेवला. मंग दोन-तीन दिवस पुन्हा मान हलवणं.

अन् म्याडम काय म्हणे? "आता छान, सोपा झालाय. पण असे आमच्याकडे आधीच खूप आहेत हो." फोन बंद! गेम साधा होता, तं इतका साधा झाला का कोणालेच नको!

मंग काय, रडवेल्या चेहऱ्यायचा जुना गेम बाबायच्या फोनमंधी टाकून देल्ला. आता जेवण झालं का ओट्यावर बसते, साऱ्या बाजाराची विचारपूस करते, होतं-नव्हतं सारं वाटून टाकते. मंग इंग्रजीत लिहून येते, 'गेम ओव्हर'. एक दिवस विचारलं, "हे काय लिवते रे?"

मी म्हटलं, "धन्यवाद म्हणते, बाबा."

तं बाबा फोनले म्हणते, "असू दे, त्यात काय एवढं!"

अख्ख्या दुनियेत माह्या गेमचं एकच गिऱ्हाईक हाय भाऊ... अन् थे बी जिंकाले तयार नाही!