फेटा बांधून धाडलेला आरोपी

माझं माहेर भंडारदऱ्याच्या वर, डोंगरात. तिकडं पाऊस असा का घोंगडी म्हनून वाळायची न्हाई, आन बाप सदा भाताच्या खाचरात गुडघाभर पान्यात. लगीन होऊन खाली बेलापूरकडं आले तवा सासू म्हनली, तुझ्या माहेराचंच पानी हितं पाटानं येतं, तू काय परकी न्हाईस. मला लई बरं वाटलं. नवी होते तवा धुनं घेऊन पाटावर गेले का पान्याला हात जोडायची, म्हनायची हे माझ्या आयला बघून आलं आसंल. काय सांगू ताई तुमाला, त्याच पान्यापायी माझा मालक आज नगरच्या तुरुंगात बसलाय, आन मी हितं तुमच्या वकील वडलांच्या ओट्यावर.

खून केला म्हनत्यात. पाटकऱ्याचा, म्हंजी पाटाचं दार उघडतो-लावतो त्या मानसाचा.

मालक बापूसाहेबांकडं सालगडी. गेनू म्हनत्यात त्यांना सारे, मी न्हाई म्हनत, आता तुमाला कळावं म्हनून तोंडातनं गेलं. उसाला पानी धरायचं त्यांचं काम. मातीत पाय रोवून उभं ऱ्हायाचं, ह्या सरीचं भरलं का दार मोडायचं, त्या सरीला लावायचं. स्वतःची जमीन मातर टीचभर न्हाई. ती न्हाई हाच आमचा गुन्हा, तेवढं ध्यानात ठेवा.

आता सारं गाव म्हनतं का गेन्यावर आदीचीच केस हाय, तो पयल्यापासनं तसला. तर ती केस कशी झाली ते ऐका. माझी थोरली पोटात हुती. एका उन्हाळ्यात पाटाच्या पान्याची पाळी लांबली, ऊस वाळाया लागला, आन पहाटंला गावानं पाट फोडला. गावानं, ताई. बापूसाहेबांचा धाकटा भाऊ स्वतः कुदळ घेऊन हुता, ज्यांचा ज्यांचा ऊस हुता ते समदे हुते, मालक बी हुते. तिसऱ्या दिवशी फौजदार आला, म्हनला मानूस द्या. तवा मारुतीच्या पारावर बैठक बसली. बापूसाहेब म्हनले, जमीनवाल्याचं नाव गेलं तर त्याच्या पान्याची मंजुरी जाईल, आज त्याची, उद्या साऱ्यांची. ज्याच्या नावावर जमीन न्हाई त्याचं काय नेत्याल? दोन म्हैने आत बसंल, सरकारची भाकर खाईल. गेनू, तू हो म्हन.

आमच्याकडं तशी रीतच हाय. केस गावाची, अंगावर घ्यायची एकानं. मालक हो म्हनले. बापूसाहेबांनी सोताच्या हातानं त्यांना फेटा बांधला, गुलाबी, लग्नातला. माझ्या वटीत नारळ घातला. म्हनले सखू, तुझा नवरा गावासाठी चाललाय, मान वर करून चाल. सुटून आले तवा वेशीपसनं हलगी वाजवीत आनले, पेढे वाटले. शाळंचे मास्तर तर भाषान बी करून गेले. न्हाई, खोटं सांगत न्हाई, हातातली सोटी हालवीत म्हनले, अशी मानसं हायत म्हनून गाव हाय.

बरं. मग हे दुष्काळाचं साल आलं. पाटाला पानी कमी, पाळीवरनं रोज भांडनं. पाटकऱ्यानं बापूसाहेबांच्या उसाची पाळी सरायच्या आत दार लावलं, तवा मालक पाटाच्या चारीवर, साऱ्यांदेखत, बोलले, ऊस वाळला तर तुला ह्याच पाटात बुडवीन. बोलले, मी न्हाई म्हनत न्हाई. पन पाळीच्या येळंला असं कोन बोलत न्हाई वो? म्हातारी मानसं सुदिक बोलत्यात. आन दुसऱ्या दिवशी सकाळी पाटकरी दारापशी पान्यात गावला, डोकं फुटलेलं. कोनी म्हनतं शेवाळावरनं घसरला, दगडावर आपटला. कोनी म्हनतं मारला. बघितलं कोनीच न्हाई. मालक घरी हुते, मला ठावं हाय, पन बायकोच्या बोलन्याला कोन इच्यारतं. त्याची बी बायको रडली, ताई, मी तिला काय म्हनू? तिचा तर मानूसच गेला.

आदी गावात दोन्ही बाजूंनी बोलत हुते. मग फौजदारानं इच्यारलं, ह्याच्यावर मागं काय हाय का? झालं. पाट फोडलाय, शिक्षा भोगलीया. तिथनं साऱ्यांची जीभ एका अंगाला वळली. मी दळन घेऊन चाललेले तर पारावर हीच चर्चा. मास्तर म्हनत हुते, हे बघा, रेकॉर्ड ते रेकॉर्ड, जो सरकारचा पाट फोडतो तो डोकं फोडायला किती येळ लावील? आन नाना, बापूसाहेबांचा तोच धाकटा भाऊ, त्याचा बी ऊस त्या पान्यावर जगलेला बरं का, तो म्हनतो, व्हय मास्तर, जात्याच हाताला सवय हाय त्याच्या.

बाईमानूस पारावर चढत न्हाई आमच्यात. मी दळन खाली ठेवलं आन चढले. म्हनलं, नाना, कुदळ तुमच्या घरची हुती, अजून दाराआड उभी आसंल, तिला इच्यारा सवय कोनाच्या हाताची. म्हनलं मास्तर, तुमचं भाषान मला पाठ हाय, म्हनून दावू का? नाना खाली मुंडी घालून तंबाखू मळीत बसला. मास्तर म्हनले, बाई, तुमाला कायद्यातलं कळत न्हाई.

मग मी बापूसाहेबांच्या दारात गेले. म्हनलं, वकीलसाहेबांकडं चला आन एवढंच सांगा, ती केस गावाची हुती, गेनूची न्हवं. ते म्हनले, सखू, मी तसं बोललो तर पाटाचे साहेब उद्या माझं पानी तोडत्याल, औंदा पानी तोडलं तर ऊस संपला, समद्यांचाच संपला. आन मग, ताई, ऐका काय म्हनले. म्हनले, अगं त्याच्या अंगावर एक केस हायच, आता त्याला काय नवं हाय?

माझ्या अंगाची आग झाली. म्हनलं, ती एक कोनाची वो? कोनाची अंगावर घेतली? सांगा की! तर आत निघून गेले. त्यांच्या बायकूनं च्या आनला. मी न्हाई घेतला.

तुमचे वडील म्हनत्यात, मागच्या केशीवरनं हा खून शाबीत हुत न्हाई. आसंल. कायदा चांगलाच आसंल. पन साक्षीला येनारी मानसं त्याच पारावरनं उठून येत्यात ना? त्यांनी निकाल आदीच लावलाय, कोर्टाचं राह्यलंय.

तो फेटा मी पेटीत जपून ठेवला हुता, थोरलीच्या लग्नात मालकाला बांधू म्हनून. वकीलसाहेबांकडं आनला तर ते म्हनले, सखूबाई, ह्याचा पुरावा हुत न्हाई. म्हनलं बरं. गावी नेला, आन पाराच्या पिंपळाला बांधला, फांदीला गाठ मारून, साऱ्यांच्या डोक्यावर यील असा. म्हनलं, ज्यानं मालकाच्या डोक्याला बांधला त्यानंच सोडायचा. आजून तसाच हाय. कोनी हात लावीत न्हाई, आन त्याच्याखाली कोनी बसत बी न्हाई. मास्तर आता हाटेलात बसत्यात म्हनं. बापूसाहेब देवाला मागच्या वाटंनं येत्यात.

उद्या तारीख हाय. तुमच्या वडलांच्या जिभेला यश येऊ दे, तुमचं बी कल्यान हू दे, येवढं बसून ऐकलंत. आन पाऊस पडू दे. माझ्या माहेरी पडू दे, हितं पडू दे, बापूसाहेबांच्या रानात बी पडू दे. व्हय, त्यांच्या बी. शिव्या देऊन देऊन बघितल्या मी, काय उपेग झाला न्हाई. विहिरी भरल्या, पाटावाचून ऊस उभा राह्यला, तर एखांद्या येळंला तो मानूस येऊन गाठ सोडील.