काकाच्या हातातला रिमोट

रिमोट मी काकाला दिला नव्हता, त्यानं तो हिसकावला, हे आधी ऐकून घ्या. उन्हाळाभर खपून बनवलेलं माझं थर्माकोलचं विमान दिंद्रुडच्या माळावर उडत होतं.

"काका, विमान आपल्याकडं तोंड करून आलं की डावं-उजवं उलटं होतं. द्या इकडं."

"ट्रॅक्टर चालवून म्हातारा झालो मी. कॉलेज सोडलेला तू मला शिकवतो का बे?"

विमान आमच्याकडं वळलं आणि डावीकडं सरकू लागलं. काकानं रिमोटवरची काडी उजवीकडं दाबली. ते आणखी डावीकडं गेलं, तर हा आणखी जोरात दाबतोय! बाभळीत घुसून विमानाच्या चिंध्या झाल्या.

"रिमोटच खराब हाय तुझा," काका म्हणाला. लाज न्हाई.

"रिमोट चांगला हाय, काका. तुमी सांगितलं तसंच विमानानं केलं, म्हणून तर पडलं."