टेकडीवरचा फोन

चहा घेता घेता ऐका, हसू नका मात्र. माहा पोरगा डॅनियल आफ्रिकेत मिशनचं काम करते, हे तुमाले माहीतच आहे. त्याच्या खेड्यात नेटवर्क फक्त टेकडीवर लागते, म्हणून दर रविवारी तो वर चढून मले फोन करते. तुमची वहिनी गेल्यापासून मी त्या दिवशी सकाळपासूनच फोन घेऊन बसतो.

परवा फोन आला चार घंटे लेट. मी भडकलोच, "कावून रे? मी स्टील प्लांटात जिंदगीभर कधी शिफ्टले लेट नाही झालो!"

तो म्हणे, "बाबा, इथं एक म्हातारा एकटाच राहते. चर्च सुटलं की मी गावातल्या पोरांले घेऊन त्याच्याकडं जातो. पाणी भरून देतो, त्याच्यासंगं जेवतो. आज तो उठूच देत नव्हता."

"त्याले लेकरं नाही काय?"

"एक पोरगा आहे ना. दूर खाणीत कामाले गेला. फोन करते कधीकधी."

 मंग मी मन्लं, "त्याच्या बापाले तू आहे, तं त्या पोराले माहा पत्ता देऊन दे. इथं रुआबांध्याले, आपल्या घरी ये म्हणा. रविवारी मी घरीच असतो."