संगणकाचा कूलर

सन २०२४, मे महिना. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस, नुकताच लागला होता. माझे धाकटे दीर प्रभाकरराव यांनी चाळीस वर्षांपूर्वी मराठी अक्षरे दाखविणारा संगणक राहत्या घरी स्वतःच्या हाताने जुळविला आणि पुढे हिंगण्याला कारखाना काढला. तो पहिला संगणक एका महाविद्यालयाने संग्रहालयासाठी मागितला, सत्कारही ठरला. मात्र त्यांची पत्नी, माझी धाकटी जाऊ सुमन, संगणक ठेवलेल्या खोलीच्या दारातच खुर्ची टाकून बसली.

"मशीन जाईन, तं माहा कूलरही संग जाईन," ती काटोलच्या ठसक्यात म्हणाली.

"अगं, कूलरचा काय संबंध?" दीर म्हणाले.

"काहून नाही? उन्हाळाभर गार हवा त्या मशीनले, अन् मी लेकरं घेऊन ओल्या चादरीत! कूलर नसता तं तुमचं मशीन गरम होऊन बंद पडत होतं का नाही? सांगा जाऊबाईंसमोर."

"पडत होतं," दीर हळूच म्हणाले.

महाविद्यालयाने नाइलाजाने दोन्ही वस्तू स्वीकारल्या.

नवतप्याच्या शेवटच्या दिवशी सत्कार झाला. संगणकाशेजारी तो गंजका कूलर वाळ्याच्या नव्या ताट्या लावून, पाणी भरून सुरू केला होता. त्याचे तोंड अर्थातच संगणकाकडे होते. दीर भाषणाला उभे राहताच सुमन पहिल्या रांगेतून उठली. तिने कूलर आपल्या खुर्चीकडे वळविला आणि पदर सावरून बसली.

"बोला आता," ती म्हणाली. "मशीनले आज काही काम नाही."