पॅनेलची परीक्षा आत्याकडे

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी भाऊ-बहीण बसले होते. बहिणीचा गाल टम्म सुजला होता, पण तोंड थांबत नव्हतं.

"दादा, आपल्या वेबसाइट होस्टिंगच्या धंद्यासाठी हेच कंट्रोल पॅनेल घेऊ. गिऱ्हाइकं आपापली वेबसाइट स्वतः सांभाळतील, ऊठसूट आपल्याला फोन नाही."

"मागच्या पॅनेललाही तू हेच म्हणाली होतीस."

"या वेळी आत्याकडून तपासून घेतलंय. सकाळी तिला लॉगिन दिलं आणि सांगितलं, शिवणक्लाससाठी नवा ईमेल तूच तयार कर."

"आत्या? पासवर्ड विसरली की ती मला आंघोळीतून बाहेर काढते."

"आज एकही फोन नाही."

"रुसली असेल."

"हा बघ मेसेज. ईमेल झाला. शिवाय मैत्रिणीच्या पाळणाघराचं आणि शेजारच्या बेकरीचंही आपल्याकडे नवं खातं उघडून दिलं म्हणते."

"गिऱ्हाइकाला दुसऱ्याचं खातं उघडताच येत नाही. तू तिला कुठलं लॉगिन दिलंस?"

"थांब हं. अगं बाई, आपलं मालकाचंच दिलं की."

"म्हणजे सकाळपासून अख्खा सर्व्हर आत्याच्या हातात आहे?"

"हो. बंद करू?"

"आपण दोघांनी या महिन्यात किती नवी गिऱ्हाइकं आणली?"

"एकही नाही."

"मग बंद नको करूस. सोमवारपासून ऑफिसात येते का, ते विचार."